‘भावनांच्या तासा’ने फरक पडला, हे कशावरून?

जुलैमध्ये बाईंनी मुलांच्या वागण्याचे फॉर्म भरले, मार्चमध्ये पुन्हा भरले, सरासरी दोन गुणांनी सुधारली, अहवालाला हसऱ्या मुलांचे चार फोटो जोडले आणि उपक्रम यशस्वी झाला. प्राथमिक शाळेतल्या भावनिक आरोग्याच्या उपक्रमांचं मूल्यमापन बरेचदा इथेच सुरू होतं आणि इथेच संपतं. मला विचाराल तर त्या दोन गुणांना काडीची किंमत नाही. मुलं सुधारली नसतील असं नाही. पण ती त्या तासामुळे सुधारली की एरवीही सुधारलीच असती, हे त्या कागदावरून कळायला मार्ग नाही. आणि आपल्या खानदेशात तर जुलै ते मार्च एवढ्या काळात वर्गात इतकी उलथापालथ होते, की उपक्रम नसला तरी सरासरी हलणारच.

पाऊस चांगला झाला, त्याच वर्षी शेतकऱ्याने नाल्यावर बांध घातला आणि विहिरीची पातळी चार हात चढली. श्रेय बांधाला द्यायचं की पावसाला? बांध नसलेल्या शेजारच्या विहिरीत डोकावल्याशिवाय ते ठरत नाही. आपल्या कामात ती शेजारची विहीर म्हणजे तुलनेची शाळा: जिथे उपक्रम अजून सुरू झालेला नाही, पण मोजणी त्याच आठवड्यात, त्याच फॉर्मने, तितक्याच काळजीने होते.

त्याआधी एक पान लिहून काढायचं. समजा उपक्रम असा आहे: तिसरी-चौथीचे वर्ग, ३५ मिनिटांचे १६ तास. पहिले चार तास भावना ओळखून सांगण्याचे, पुढचे चार राग किंवा भीती आली की शांत होण्याचे, मग चार भांडण मिटवण्याचे आणि शेवटचे चार मदत मागण्याचे. आता प्रत्येक टप्प्यापुढे लिहा, की यातून मुलात नेमकं काय दिसायला हवं आणि कधी. ‘पेन्सिल हिसकावली तर काय करशील’ याचं उत्तर १६ तासांनी बदलू शकतं. मधल्या सुट्टीतलं वागणं बदलायला एखादं सत्र जाईल. घरच्या दारूपायी रात्रभर जागणाऱ्या मुलाची झोप या तासाने परत येणार नाही, आणि ती यावी अशी अपेक्षा त्या पानावर लिहिलीत तर उपक्रम पहिल्याच दिवशी नापास झाला म्हणून समजा. काय मोजायचं हे या पानावरून ठरवायचं. हाताशी कोणता फॉर्म आहे त्यावरून नाही.

कॅलेंडर आधी, फॉर्म नंतर

शाळा जूनच्या मध्यात उघडते. पहिले तीन-चार आठवडे दाखले, पटनोंदणी, पुस्तकं यांतच जातात. शिक्षकाला मूल किमान महिनाभर माहीत नसेल, तर त्याच्या स्वभावाबद्दलचे प्रश्न तो अंदाजानेच भरणार. म्हणून पहिली मोजणी जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांत करावी, आणि ती पहिला तास होण्याआधीच संपलेली असावी.

ऑगस्टपासून आठवड्याला एकच तास ठेवला, तर १६ तास दिवाळीआधी संपत नाहीत. श्रावणात कानबाई, पुढे पोळा, गणपती, दसरा. सुट्ट्या वजा करता नऊ-दहा तास जेमतेम हाती लागतात. उरलेले सहा दिवाळीनंतर घेऊ म्हटलं की घोळ होतो, कारण दिवाळीनंतरचा वर्ग हा दिवाळीआधीचा वर्ग नसतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघालेल्या असतात. नंदुरबार आणि साक्री-शिरपूरच्या पट्ट्यातली कुटुंबं गुजरातेत उसाला नाहीतर बांधकामावर गेलेली असतात. कापसाची वेचणी चालू असते, आणि तिसरी-चौथीतली मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी थांबते. जी मुलं आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहिली, त्यांचे आईबाप चार-पाच महिने दिसणार नाहीत. अशा वेळी मुलांची घालमेल वाढली, तर दोष उपक्रमाचा नाही. आणि सर्वांत जास्त ओढाताण असलेली मुलंच गावाबाहेर गेली म्हणून वर्गाची सरासरी सुधारली, तर ते श्रेयही उपक्रमाचं नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे आठवड्याला दोन तास ठेवून सगळे १६ तास दिवाळीआधी आटपणं. दुसरी मोजणी शेवटच्या तासानंतरच्या पंधरवड्यात, पण सत्रअखेरच्या चाचणीचा आठवडा टाळून. दुसरा मार्ग, तास दिवाळीच्या अल्याड-पल्याड वाटणं, पण मग स्थलांतरित मुलांचा हिशेब वेगळा ठेवणं. मी पहिला निवडेन. टिकाऊपणा पाहायची तिसरी मोजणी फेब्रुवारीत घ्यावी. त्यापुढे गेलात तर सातपुड्यात होळीचे दिवस येतात, मग सकाळची शाळा सुरू होते, आणि उन्हाने कावलेल्या मुलांकडून चाळीस मिनिटांचं काम होत नाही. आणखी बारीकसारीक: बाजाराच्या दिवशी मोजणी ठेवू नका. कानबाईच्या विसर्जनाचा सोमवार सोडा. शहादा तालुक्यात असाल तर दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा असते, ते दिवस वगळा. तालुका क्रीडा स्पर्धांचा आठवडाही. मात्र जो दिवस उपक्रमाच्या शाळेत पाळाल, तोच तुलनेच्या शाळेत पाळायचा. एकीकडे सप्टेंबरात मोजलं आणि दुसरीकडे नोव्हेंबरात, तर सगळी मेहनत वाया.

गावाबाहेर गेलेलं मूल यादीतून खोडू नका. जुलैची यादी हीच शेवटपर्यंतची यादी. प्रत्येक नावापुढे लिहा: दुसऱ्या मोजणीला हजर, गैरहजर, स्थलांतर, दाखला नेला. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं) दिलं असेल तर मूल कुठे गेलं याचा माग लागतो. मग गळालेल्या मुलांचे जुलैचे गुण आणि टिकलेल्या मुलांचे जुलैचे गुण शेजारी ठेवा. ते सारखे असतील तर काळजी कमी. फरक मोठा असेल, तर ती गोष्ट अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहा.

शाळा कशा निवडायच्या

नेहमीची चूक म्हणजे सर्वांत ‘त्रासदायक’ शाळा किंवा मुलं निवडून त्यांना उपक्रम देणं. टोकाचे गुण दुसऱ्या मोजणीत आपोआपच मधल्या पातळीकडे सरकतात. ज्या आठवड्यात मूल सर्वांत बिथरलेलं होतं त्या आठवड्यात मोजलं, तर पुढच्या वेळी ते थोडं बरं दिसणारच, कोणी काही केलं नाही तरी. उत्साही मुख्याध्यापकांच्या शाळांना उपक्रम आणि उरलेल्यांना तुलना, ही वाटणीही तितकीच फसवी. तिथे उपक्रमाऐवजी मुख्याध्यापकांचंच मूल्यमापन होतं.

चिठ्ठी टाका. आधी शाळांच्या जोड्या लावा: पट साधारण सारखा, घरची भाषा सारखी, स्थलांतराचं प्रमाण सारखं. धडगावच्या पाड्यावरची द्विशिक्षकी शाळा आणि भुसावळच्या रेल्वे वसाहतीजवळची शाळा यांची जोडी होऊ शकत नाही. मग प्रत्येक जोडीसाठी सर्वांसमोर नाणं उडवायचं: छाप आला तर पहिली शाळा यंदा, दुसरी पुढच्या वर्षी. ‘तुम्हाला मिळणार नाही’ असं म्हटलं की केंद्राच्या (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या) प्रमुखांपासून सरपंचांपर्यंत सगळे नाराज होतात. ‘तुम्हाला जूनमध्ये मिळेल’ म्हटलं की बहुधा कोणी हरकत घेत नाही. आणि हे आश्वासन पाळायचं असतं, नाहीतर पुढच्या वेळी त्या केंद्रात पाऊल ठेवता येत नाही.

एकाच केंद्रातल्या दोन शाळांची जोडी सोयीची वाटते, पण दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत ते शिक्षक एकत्र बसतात. श्वासाचा खेळ, भावनांचा तक्ता, सगळं तिसऱ्याच आठवड्यात पलीकडच्या शाळेत पोचतं. म्हणून जोडीतल्या दोन शाळा वेगवेगळ्या केंद्रांतल्या घ्या. एकाच शाळेतली तिसरी उपक्रमाला आणि चौथी तुलनेला, हे तर करूच नका. द्विशिक्षकी शाळेत दोन्ही वर्ग एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर बसलेले असतात.

तुलनेच्या शाळेत काहीच चालत नाही, असंही गृहीत धरू नका. २०२४ मध्ये राज्य शासनाने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. कुठे तो मनापासून होतो, कुठे त्या वेळेत गणिताचे राहिलेले धडे उरकतात. दोन्हीकडच्या शनिवारी प्रत्यक्ष काय होतं ते नोंदवा. तुमचा उपक्रम या शनिवारापेक्षा जास्त काही देतो का, हाच खरा प्रश्न आहे.

किती शाळा लागतील? इथे बहुतेक जण मुलं मोजतात आणि फसतात. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. तीच बाई, तीच खोली, तेच गाव. त्यामुळे ४०० मुलांची माहिती ही ४०० सुट्या मुलांइतकी नसते. सूत्र सोपं आहे: एका शाळेतल्या मुलांच्या संख्येतून १ वजा करा, त्याला साम्याच्या गुणांकाने (एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी किती, हे ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) गुणा, त्यात १ मिळवा. एकूण मुलांना त्या आकड्याने भागा. २० शाळांतून प्रत्येकी २० मुलं आणि गुणांक ०.०५ धरला, तर भाजक १.९५ येतो, म्हणजे ४०० मुलं ही सुमारे २०५ इतकीच. फॉर्म शिक्षकांनी भरलेले असतील तर गुणांक आणखी चढतो, कारण एक बाई सगळ्यांना हात सैल सोडून गुण देतात, दुसऱ्या आवळून. ०.१५ धरला तर भाजक ३.८५ आणि मुलं उरली १०४. तीच ४०० मुलं ४० शाळांतून प्रत्येकी १० घेतली असती, तर भाजक २.३५ आणि मुलं १७०. म्हणून शाळा वाढवा, शाळेमागची मुलं कमी करा. चारच शाळा असतील तर आकडेमोडीचा आव आणू नका. तास नीट झाले का, मुलांना काय कळलं, काय अडलं, एवढंच प्रामाणिकपणे लिहा. तेही पुष्कळ असतं.

शिक्षकांचा फॉर्म: २५ प्रश्न आणि त्यातल्या खाचा

जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्यांपैकी एक म्हणजे रॉबर्ट गुडमन यांची १९९७ मधली ‘स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर’, थोडक्यात एसडीक्यू. २५ विधानं, पाच गट, प्रत्येक गटात पाच: भावनिक त्रास, वर्तन, चंचलपणा, सवंगड्यांशी अडचणी आणि मदतशील वागणं. प्रत्येक विधानाला ०, १ किंवा २ गुण. पहिल्या चार गटांची बेरीज म्हणजे एकूण अडचणी, ० ते ४०. मदतशीलपणाचा गट त्यात धरायचा नाही. मुलाने स्वतः भरायचा फॉर्म ११ वर्षांपासून पुढे आहे, म्हणजे आपल्या तिसरी-चौथीसाठी नाही. इथे पालकांचा किंवा शिक्षकांचाच वापरायचा.

७, ११, १४, २१ आणि २५ ही पाच विधानं उलटी आहेत. मूल कसं वागतं याची चांगली बाजू त्यांत विचारलेली असते, म्हणून एक्सेलमध्ये त्यांच्यासाठी ‘२ वजा उत्तर’ असा वेगळा रकाना हवा. हे राहून गेलं की एकूण गुणांना अर्थ उरत नाही, आणि नुसतं बघून ते लक्षातही येत नाही.

दुसरी खाच कंटाळ्याची. एका मुलाला पाच मिनिटं धरली, तर ३० मुलांच्या वर्गाला अडीच तास लागतात. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदारयाद्या यांतून उरलेल्या वेळात अडीच तास कोण देणार? शेवटच्या दहा फॉर्मांत सरळ उभी रेघ येते. आणि ती रेघ निरुपद्रवी नसते. सगळीकडे ‘थोडंफार खरं’ असेल तर एकूण गुण २० होतात, आणि शिक्षकांच्या फॉर्मच्या मूळ ब्रिटिश पट्ट्यांत १६ किंवा त्याहून जास्त गुणांचं मूल ‘असामान्य’ गटात पडतं. सगळीकडे ‘खरं नाही’ असेल तर उलट्या विधानांचे १० गुण जमतात आणि मूल ‘ठीक’ गटात बसतं. सगळीकडे ‘अगदी खरं’ असेल तर ३०. म्हणून एकूण गुण नेमके १०, २० किंवा ३० असलेले फॉर्म आधी वेगळे काढा आणि डोळ्यांनी तपासा. खरा उपाय म्हणजे सगळा वर्ग न भरता प्रत्येक वर्गातून चिठ्ठीने १० मुलं घेणं आणि दोन दिवसांत पाच-पाच करून भरणं. गटातल्या पाचपैकी किमान तीन विधानं भरलेली असतील, तर उरलेल्यांचा हिशेब प्रमाणात करता येतो. त्याहून कमी असतील तर तो गट सोडून द्या.

तिसरी खाच काळाची. नेहमीच्या फॉर्ममध्ये गेल्या सहा महिन्यांबद्दल विचारलेलं असतं. तो ऑक्टोबरात भरला, तर त्यात एप्रिल-मेपासूनचं मूल येतं, म्हणजे उपक्रमाआधीचंच. पाठपुराव्यासाठी गेल्या एका महिन्याबद्दलचा वेगळा नमुना आहे, दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीला तो वापरा. तो पहिल्या फॉर्मपेक्षा वेगळा असल्यामुळे एकाच शाळेतली आधीची-नंतरची तुलना आणखी लंगडी होते. तुलनेची शाळा हवी, त्याचं हे आणखी एक कारण. ब्रिटिश पट्ट्यांवरून ‘वर्गातली इतकी टक्के मुलं मानसिक अडचणीत’ असं छापू नका, त्या रेषा आपल्या मुलांवर आखलेल्या नाहीत. आणि आपल्या मनाने शब्द बदलून, अहिराणी करून छापणं किंवा गूगल फॉर्मवर चढवणं परवानगीशिवाय चालत नाही. अधिकृत भाषांतराची कागदी प्रत घ्या.

पण सर्वांत मोठी अडचण फॉर्ममध्ये नाही. ज्या बाईंनी १६ तास घेतले, त्याच बाई मुलं सुधारली का ते सांगत आहेत. खोटं कोणी बोलत नाही, तरी आपण घातलेल्या कष्टाचं फळ डोळ्यांना दिसतंच. म्हणून शिक्षकांच्या फॉर्मवर एकट्यावर निकाल ठरवायचा नाही. कोणाला उपक्रम मिळाला हे माहीत नसलेल्या माणसाने केलेली एक तरी मोजणी हवी. आणि बाईंची बदली झाली, तर फॉर्म भरणारा बदलला हे सांकेतिक क्रमांकाने नोंदवा.

मुलांना विचारताना

पहिली-दुसरीत एकेका मुलाला बाजूला घेऊन तोंडी विचारा. आठ प्रश्न, दहा मिनिटं, तीन चेहऱ्यांची चित्रं. पाच चेहरे दिले की लहान मुलं टोकाचे दोनच वापरतात. तिसरी-चौथीत गटाने चालतं, पण प्रत्येक प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि दप्तर मध्ये ठेवून बसवायचं. नाहीतर एकाचं उत्तर सगळ्या रांगेचं होतं. वाचणारी व्यक्ती मुलांच्या घरची बोली बोलणारी हवी. ‘तुले कसं वाटस?’ म्हटल्यावर अमळनेर-पारोळ्याकडचं मूल मोकळं होतं; धडगावला तिथे पावरी किंवा भिली येणारं माणूस लागतं, आणि तो शाळेचा शिक्षक नसावा. बोलीत काय बोलायचं ते आधी लिहून ठेवा आणि तेच वाक्य दोन्हीकडच्या शाळांत वापरा. वेळेवर सुचेल तसं समजावून सांगितलं तर प्रत्येक शाळेत प्रश्नच वेगळा होतो.

सुरुवातीला दोन सरावाचे प्रश्न: ‘मला कुल्फी आवडते’, ‘मला कडू कारलं आवडतं’. दोन्हीला हसरा चेहरा आला तर मूल प्रश्न ऐकत नाही, तुम्हाला खूश करतंय. थांबा, पुन्हा समजवा. ‘मला भीती वाटत नाही’ अशी नकारार्थी विधानं आठ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका. त्यांची ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही एकाच अर्थाची होतात. आणि ‘ही परीक्षा नाही’ हे एकदा सांगून पुरत नाही. कागदावर नावाऐवजी क्रमांक असला की ते जास्त पटतं.

चेहऱ्यांपेक्षा मला चित्रगोष्टी भरवशाच्या वाटतात. चित्रात एक मुलगा दुसऱ्याची पेन्सिल हिसकावतोय. दुसरा काय करेल? आणखी काय करू शकेल? याला कसं वाटत असेल, आणि त्याला? अशा चार गोष्टी पुरतात. उत्तरं शब्दशः लिहून घ्यायची, नंतर दोघांनी वेगवेगळं बसून गुण द्यायचे: मारामारी, रडून सोडून देणं, मोठ्यांना सांगणं, स्वतः बोलून मिटवणं. दोघांनाही शाळेचं नाव दिसता कामा नये. पहिल्या ३० कागदांवर दोघांचे गुण जुळत नसतील, तर निकष धूसर आहेत; ते पक्के केल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसऱ्या मोजणीला नव्या गोष्टी घ्या, आणि तासात शिकवलेलं उदाहरण कधीच नको. ते पाठांतर मोजतं.

मधल्या सुट्टीचं निरीक्षण स्वस्त आणि उपयोगी. पाच मुलं, प्रत्येकी दोन मिनिटं, दर १५ सेकंदांनी एक खूण: एकटं, शेजारी बसलेलं, खेळात, भांडणात. पोषण आहाराची रांग संपल्यावर सुरू करा. रांगेतली ढकलाढकल मोजली तर सगळी शाळाच भांडखोर दिसते. शाळेतल्या तक्रारींची संख्या मात्र मोजू नका. मुलं मदत मागायला शिकली की तक्रारी वाढतात, आणि तो तर उपक्रमाचाच उद्देश होता.

तास झाला का?

परिणाम शून्य आला तर पहिला प्रश्न हाच. प्रत्येक तासानंतर दोन मिनिटांत भरता येईल असा पाव कागद द्या: तारीख, कितवा तास, किती मिनिटं, हजर मुलं, कोणती कृती गाळली आणि का. ‘का’ हा रकाना सोन्याचा आहे. चाचणीची तयारी, अचानक आलेलं प्रशिक्षण, एकच शिक्षक हजर, साहित्य नाही. १६ पैकी १२ तास झाले आणि मुलांची हजेरी ७५ टक्के असेल, तर एका मुलाच्या वाट्याला सरासरी नऊच तास आले. आकडेमोड करताना या नऊला विसरून चालत नाही.

कागदावर विसंबू नका, प्रत्येक वर्गात किमान दोन तास मागे बसून पाहा. किती वेळ बाई बोलल्या, किती वेगवेगळी मुलं बोलली, मागची रांग आणि मुली त्यात होत्या का, कृती झाली की नुसतं वाचन. टेबलावर छडी आहे का, तेही बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. ज्या वर्गात ती पाळली जात नाही, तिथे ‘मन मोकळं कर’ या धड्याला मुलं काय किंमत देतील?

तास कोण घेतो याने निकाल पालटतो, याचे बाहेरचे पुरावे आहेत. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ या किशोरवयीन मुलांच्या आरोग्य उपक्रमाची चाचणी झाली. २०१८ मध्ये तिचे निष्कर्ष आले: खास नेमलेल्या, प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी चालवलं तिथे मोठा फरक, शिक्षकांवर सोपवलं तिथे नाही. इंग्लंडमध्ये नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठीच्या ‘फ्रेंड्स’ उपक्रमात २०१४ च्या अभ्यासाने हेच दाखवलं. आरोग्य कार्यकर्त्यांनी घेतलेल्या तासांनी चिंता कमी झाली, शाळेच्या माणसांनी घेतलेल्यांनी तशी नाही. यावरून शिक्षक नालायक, असा अर्थ कोणी काढू नये. दोन दिवसांचं प्रशिक्षण देऊन वर्षभर पाठ फिरवली तर काय होतं, त्याची ही किंमत असू शकते. म्हणून प्रशिक्षणाचे दिवस आणि त्यानंतरच्या भेटी हेही नोंदवायचे आकडे आहेत.

मोजणीच्या आधी ठरवायच्या गोष्टी

पालकांची संमती घ्या. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव तिच्या जागी पुरत नाही. सभा संध्याकाळी, शेतातून परतल्यावर, बोलीत. मूल ‘नाही’ म्हणालं तरी मोजणी थांबवायची. नावांची यादी आणि क्रमांकांचे फॉर्म वेगळ्या कपाटांत ठेवा. भरलेल्या फॉर्मचा फोटो व्हॉट्सॲप गटावर टाकायचा नाही, केंद्राच्या गटावर तर नाहीच.

विचारलं की मुलं सांगतात. मारहाण, नको तो स्पर्श, घरातली भांडणं. त्या क्षणी काय करायचं हे मोजणी करणाऱ्याच्या खिशातल्या कागदावर हवं: ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, खोदून खोदून विचारायचं नाही, त्याच दिवशी ठरलेल्या व्यक्तीला कळवायचं. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांची इच्छा असो वा नसो. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६. ज्या मुलाचे अडचणींचे गुण खूप जास्त आले, त्याच्यासाठी तपासणीची वाट आधीच ठरवा: शालेय आरोग्य तपासणीचं पथक किंवा जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग. गुण म्हणजे निदान नव्हे, आणि ते प्रगतिपुस्तकात जाता कामा नयेत.

वर्तुळात बसून सगळ्यांसमोर दुःख सांगायला लावण्याचा प्रकार दिसला, तर तो तोटा म्हणून नोंदवा. छोट्या गावात सकाळी वर्गात सांगितलेलं दुपारी पारावर पोचतं. ‘मला सांगायचं नाही’ म्हणायची मुभा आहे का आणि किती मुलांनी ती वापरली, हे निरीक्षणाच्या कागदावर हवंच. उपक्रमाने कोणाचं बिघडलं, हे शोधल्याशिवाय दिसत नाही. ज्यांचे गुण दुसऱ्या मोजणीत पाचहून जास्त वाढले, त्या मुलांची यादी दोन्ही गटांत काढा.

आकडे हाती आल्यावर

समजा उपक्रमाच्या शाळांत एकूण अडचणी ११.८ वरून ९.९ वर आल्या, तुलनेच्या शाळांत ११.५ वरून १०.३ वर. एकीकडे १.९ ची घट, दुसरीकडे १.२ ची. उपक्रमाच्या वाट्याला उरले ०.७. गुणांचं प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ६ असेल, तर ०.७ ला ६ ने भागून परिणाम सुमारे ०.१२. लहान आहे, पण सगळ्या वर्गासाठीच्या उपक्रमात मोठ्या उडीची अपेक्षाही चुकीची. २०११ मध्ये संशोधक डर्लाक आणि सहकाऱ्यांनी २१३ शालेय उपक्रमांचे निष्कर्ष एकत्र केले, त्यात भावनिक कौशल्यांवरचा सरासरी परिणाम ०.५७ होता, तर भावनिक त्रासावरचा ०.२४. शिकवलेली गोष्ट लवकर दिसते, मनावरचं ओझं उतरायला वेळ लागतो. तुमच्या आकड्यांत चित्रगोष्टी सुधारलेल्या आणि एसडीक्यू जागच्या जागी असेल, तर त्यात विचित्र काही नाही. उलट चित्रगोष्टी आणि मधली सुट्टी जशीच्या तशी आणि फक्त बाईंचे फॉर्म झकास सुधारलेले, तर संशय घ्या.

सरासरीबरोबर मुलगे आणि मुली, स्थलांतरित आणि गावात राहिलेली, मराठी घरची आणि बोली घरची अशा फोडी दाखवा. पण फोडी मोजणीआधी त्या पहिल्या पानावर लिहिलेल्या असाव्यात. निकाल आल्यावर दहा फोडी करून बघितल्या की एखादी चमकतेच.

शाळांना निकाल देताना शाळानिहाय क्रमवारी देऊ नका. दहा मुलांच्या सरासरीवर क्रम लावणं चूक आहे, आणि पुढच्या वर्षी सगळे फॉर्म गोड भरले जातील. शिक्षण परिषदेत अर्धा तास मागून घ्या आणि एका पानावर सांगा: किती तास झाले, कोणते गळाले, कुठे फरक दिसला, कुठे नाही. निकाल शून्य असेल आणि तासही निम्मे झाले असतील, तर निकाल उपक्रमाबद्दल काही सांगत नाही, वेळापत्रकाबद्दल सांगतो. तास पूर्ण, निरीक्षणात चांगले आणि तरीही शून्य, तर मजकूरच बदलायला हवा. जूनमध्ये वाट पाहणाऱ्या शाळांना द्यायचा संच या दोन्हींपैकी कोणती परिस्थिती आहे ते पाहून ठरवा: पहिल्यात १६ चे १० तास करून बाजाराचा दिवस सोडून बसवा, दुसऱ्यात गाळलेल्या कृतींच्या रकान्यात वारंवार आलेल्या कृती आधी काढून टाका.